मुडगाळकर

अनगोळ नाक्यावर झेरॉक्सच्या दुकानात
आडनावबंधूंच्या मेळाव्याची पुस्तिका छापायला टाकलीय.
पान तीन : 'आपले नामवंत'.

पहिले भुजंगराव. मोडीतली सही तेवढी शिल्लक;
सनदेत गाव मिळालं होतं म्हणतात,
कुठलं, ते वाळवीला ठाऊक.
मग पैलवान सातेरी,
शहापूरच्या मैदानात सव्वा तास झुंजले, कुस्ती बरोबरीत सुटली.
घरी मात्र जिंकल्याचंच सांगत.
पेट्यांचे सूर लावणारे गणबा,
एका कानाने ठार बहिरे.

"यात बायका नाहीत काय ओ?"
टाइप करता करता निंगव्वा विचारते.

होती ना. चंद्राक्का सुईण.
अख्ख्या गल्लीची नाळ तिने कापली.
पण ती लग्न करून कडोलकर झाली,
आणि ज्या मुडगाळकर होऊन आल्या
त्यांचं माहेर कुणी लिहून ठेवलं नाही.

निंगव्वा तीच यादी कन्नडातही काढते.
शिरोरेघ जाते.
सगळे पूर्वज पागोटं काढून बसल्यासारखे,
ओळखूच येत नाहीत पटकन.

रविवारी पत्रिका घेऊन मुडगाळीला गेलो.
नंदगडपर्यंत बस, पुढे कुणाच्या तरी मोटारसायकलवर.
चहावाल्याला विचारलं, मुडगाळकरांचं घर कुठलं?
तो पातेलं विसळत राहिला.
"इथं पाटील आहेत, गुरव आहेत, एक लोहार.
त्या नावाचं कोण नाही.
गाव सोडून गेलं त्यालाच लागतंय ते."

चहाचे पैसे घेतले नाहीत त्याने.
पत्रिकेवर काय लिहावं सुचेना.
मुक्काम मुडगाळी, एवढंच लिहिलं.