शेवटच्या थांब्यावर क्रियापद

प्तुयहून ऑर्मोझला जाणारी सहा चाळीसची बस
अठ्ठावीस वर्षं मीच चालवते.
स्टिअरिंगच्या शेजारी, जिथं पूर्वी सिगारेटचं पाकीट असायचं,
तिथं आता एक चिठ्ठी:
आमो, आमास, आमात.
लाल दिव्याला तीन रूपं बसतात.
रेल्वेच्या फाटकाला अख्खा भूतकाळ.

शाळेची पोरं आरशातून माझे हलणारे ओठ बघतात.
त्यांना वाटतं, मिलोयका शिव्या देतेय.
कधीकधी त्यांचं बरोबर असतं.

मंगळवारी, अग्निशमन दलाच्या वरच्या खोलीत, आमचा वर्ग.
त्सिरिल मास्तर ऐंशीचे. ऐकू कमी येतं,
पण चुकीची विभक्ती त्यांना जिन्यातूनच ऐकू येते.
बोझिदार मधमाश्या पाळतो,
म्हणतो, चावणाऱ्या गोष्टींची मला सवय आहे.
तोंडालाही 'ओस' आणि हाडालाही 'ओस',
फरक काय तो ऱ्हस्वदीर्घाचा,
हे कळलं तेव्हा आम्ही कपाळाला हात लावला.
दातांच्या दवाखान्यातली नेझा तेवढी शांत:
माझ्याकडे रोज तेच,
तोंड उघडलं की हाड.

मी त्या ऱ्हस्वदीर्घाकडे काणाडोळा केला
आणि रोमच्या लोकांऐवजी
रोमचे पॉप्लर युद्धावर पाठवले.
मास्तर इतके हसले
की कानातलं यंत्र चहात पडलं.
तेव्हापासून द्रावेच्या काठानं बस नेताना
ती उंच, सरळ रांग दिसली की मनात येतं,
हे परत कधी आले?

कशासाठी गं, मुलगी विचारते, ग्राझहून, फोनवर.
बोलणार कोणाशी?
इटालियन शीक, निदान जेवण तरी मागवता येईल.
मी म्हटलं, तुझा बाप जन्मभर काड्यांची विमानं चिकटवत बसला,
कुठं उडाला?

खरं सांगू, मला ते वाक्य आवडतं.
शब्द चढतात कुठल्याही दारानं,
विशेषण माझ्यामागच्या बाकावर, त्याचं नाम पार शेवटी,
तिकीट मात्र ज्याच्या त्याच्या शेपटीला.
कोणी कोणाला मारलं, की वाचवलं,
की नुसतंच पत्र लिहिलं,
ते शेवटच्या थांब्यापर्यंत कळत नाही.
तिथं क्रियापद उभं असतं थंडीत,
हात खिशात घालून.

सहा विभक्ती आमच्याही घरच्याच, त्यांचं भय नाही.
पण आमच्या भाषेत द्विवचन आहे.
मी, मग आम्ही दोघं, मगच आम्ही सगळे.
दोघांसाठी सर्वनाम वेगळं, क्रियापद वेगळं,
जसं दोघांचंच जेवणाचं टेबल.
विंको गेल्यापासून ते माझ्या तोंडात
नुसतं पडून होतं.
लॅटिनमध्ये ती खोलीच नाही.
एकवचनातून थेट अनेकवचनात, मधे जिना नाही.
आणि लाज वाटते सांगायला, पण आधी सुटल्यासारखंच वाटलं:
एक तरी भाषा सापडली,
जिच्यात माझं काही हरवलेलं नाही.

मग नोव्हेंबरात, पान एकशे बाराच्या तळाशी,
बारीक टाइपात, मुंग्यांसारखी एक टीप.
द्विवचन लॅटिननं फार पूर्वीच टाकलं,
आवराआवरीत दोन शब्द तेवढे मागं राहिले.
दुओ. आम्बो.
दोन. दोघंही.

ऑर्मोझला इंजिन बंद होतं,
परतीला सात मिनिटं.
काचेवर वाफ धरलेली.
मी ती टीप पुन्हा वाचली, मग चष्मा पुसून पुन्हा.

दार ठोठावलं कोणीतरी.
एकाच छत्रीखाली दोन पोरं, नाकं लाल.
'आम्बो?' माझी जीभ घसरली.
'काय?'
'काही नाही. तुम्ही दोघं?'

किती दिवसांनी ते रूप वापरलं.
गिअर कुरकुरला,
पण पडला.