पेर

उदगीरच्या सराफ लाइनीत
प्रल्हाद उदावंतांच्या दुकानी पंखा लावत नाहीत,
कीस उडते म्हणून.
घाम पुसत मी पाकिटातून दोऱ्याचा तुकडा काढला,
एका टोकाला गाठ, दुसरीकडे शाईचा ठिपका.
यांच्या बोटाचं माप.
रात्री, झोपेत घेतलेलं.
जागेपणी का नाही, हे उदावंतांनी विचारलं नाही.

अंगठीला आतून गुंडाळलेला दोरा
ते चिमट्यानं सोडवत बसले.
आधी वीतभर निघाला,
मग हातभर,
मग मी दुसरीकडे बघायला लागले.
लातूरच्या दवाखान्यात चादर झटकताना
आयाबाईच्या पायाशी पडली तेव्हापासून
दर सोमवारी मी दोन वेढे वाढवत आले होते.
हळद लागून पिवळा, औषधानं चिकट,
एवढा सगळा दोरा
त्या एवढ्याशा गोलात मावला होता.

"मन्मथअप्पाचीच ना ही?
आमच्या दुकानावरची तार त्यांनीच जोडली होती, भर पावसात."
हो म्हणाले.
खांबावर चढायच्या आधी अंगठी काढून
माझ्या मुठीत द्यायचे.
ओढून ओढून निघायची तेव्हा,
बोटावर पांढरा चट्टा राहायचा.

उदावंतांनी दोरा मापाच्या काठीवर चढवला,
चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.
"इतकी बारीक करून कसं चालंल, ताई?
मास उतरतंय, हाड उतरत नाही.
पेरावरून जायला नको का?
पेरापुरती ठेवतो.
खाली जरा सैल राहणारच."
आणि कानशीला हात घालता घालता, सहज :
"बोट परत भरंल का?
तसं असंल तर कापत नाही, आतून पट्टी देतो."

बाहेर एक टेम्पो बराच वेळ मागे येत होता.
त्याचं गाणं संपेपर्यंत
मला वेळ मिळाला.

"कापा," म्हणलं.
"पण तुकडा मजुरीत धरू नका. मला द्या."

करवत चालली. फुंकणीची निळी जीभ,
टाकणखार फसफसला,
सांधा कुठं होता ते मलाही सापडेना.
गुलाबी कागदाच्या पुडीवर त्यांनी लिहिलं :
दोन गुंजा.

घरी साबण लावून पेरावरून सरकवली.
अडली, वळली, गेली.
खाली गेल्यावर फिरली,
'म' तळहाताकडं.
यांनी अंगठ्यानं तो वर आणला.
परत फिरला.
"सैल राहिली का हो?"
"राहू दे. तार पण आम्ही ढिलीच सोडतोत.
ताणून बांधली की
थंडीत तुटते."

मग बराच वेळ हात दिव्याखाली धरून बसले.
"किती निघालं?"
मी पुडी दाखवली.
उघडून पाहिली त्यांनी,
नखाएवढंही नव्हतं,
श्वासानं उडेल म्हणून तोंड बाजूला करून
म्हणाले,
"एवढंच?"