पट्टी

रात्री अपडेट आलं. टक्के मोजत बसलो होतो,
अठ्ठ्याऐंशीवर डोळा लागला.
(अठ्ठ्याऐंशी, पियानोच्या पट्ट्यांइतकेच. हे नंतर सुचलं.)
सकाळी पडद्यावर कुठल्याशा डोंगराचं नवं चित्र,
माझं नाव, आणि खाली रिकामी चौकट.

पासवर्ड टाकला. चुकला.
सावकाश टाकला. चुकला.
पहिलीतल्या पोरासारखा एका बोटाने, ओठ हलवत टाकला.
पाच ठिपके उमटले
आणि पाचही मान हलवून पुसले गेले.

चाळीस वर्षं या ऑस्त्रावात मी पियानो लावतो.
कुणाच्या घरी कुठल्या हातोडीला कसर लागलीय,
खाणकामगारांच्या क्लबातला तो काळा थंडीत किती उतरतो,
कोण पैसे बुडवतं, कोण वर केकही देतं,
सगळं त्या चौकटीच्या आत.
अकराला हाविर्झोवच्या संगीतशाळेत पोचायचंय,
पत्ता आत, फाटकाचा आकडाही आत.
मी बाहेर. माझ्याच खोलीत, पायमोज्यांवर.

बंद करून चालू केलं.
वायर उपटून तीसपर्यंत मोजलं, पुन्हा खोचली.
पुतण्याला, रादिमला, फोन लावला. म्हणाला, कॅप्स लॉक बघा.
बघितलं. दिवा विझलेलाच.
'मग काकूने बदलला असेल.'

द्राहोमीरा गुडघा बदलून लुहाचोवित्सेच्या गरम झऱ्यांवर,
तीन आठवड्यांसाठी.
सरळ विचारायचा धीर झाला नाही. म्हटलं,
'जाताना कशाला हात लावला होतास का?'
'गुडघ्याला,' ती म्हणाली.
मग तिच्या लक्षात आलं.
मग लाइनवर नुसती खरखर.

एकेचाळीस वर्षांत तिने माझा पासवर्ड विचारला नाही.
गरज काय? कुत्र्याचं नाव.
र्झीझेक. म्हणजे तळलेलं कटलेट.
पिल्लू असताना ते ताटातून पळवून
सोफ्याखाली बसला होता, शेपूट बाहेर ठेवून.

चोर सोडून संन्याशाला फाशी देणारा इसम
स्वयंपाकघरात कालची कॉफी प्यायला.

पियानो बिघडला की मी आधी एकच पट्टी दाबतो आणि ऐकतो.
इथे ऐकणार काय? ठिपके मुके.
बोटं खरं बोलतायत की नाही, ते दिसेल कुठे?
तेव्हा ती वरची चौकट सापडली, 'दुसरा वापरकर्ता',
जिथे अक्षरं तोंड झाकत नाहीत.
तिथे कुत्र्याला हाक मारली.

पडद्यावर आलं: पाच, नऊ, वाय, ई, के.

आमच्या कळफलकावर आकड्यांच्या ओळीत
टोप्या घातलेली, काड्या खोवलेली अक्षरं बसतात,
आणि झेडच्या घरी वाय, वायच्या घरी झेड.
अपडेटने रातोरात सगळ्यांच्या टोप्या काढून घेतल्या होत्या.
बोटं तीच, जागा त्याच,
पट्टी बदललेली.
कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: इंग्रजी.
दोन तास ते तिथेच होतं.

तिथे टिचकी मारली. पुन्हा हाक मारली.
डोंगर बाजूला झाला.

शाळेत पावणेबाराला पोचलो.
शिपाईणबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.
म्हटलं, कुत्रा हाकेला ओ देत नव्हता,
इंग्रजीत ऐकत होता.
त्यांनी बिस्किटाचा डबा पुढे केला, बहुधा दयेने.
वरचा सा पार उतरलेला, तीन तारा बदलल्या.

संध्याकाळी लुहाचोवित्सेचा नंबर फिरवला.
काय म्हणायचं ते बसमध्ये जुळवून ठेवलं होतं.
तिने उचलला आणि एवढंच विचारलं,
'सापडला?'
'हो,' म्हणालो.
मग गुडघ्याचं विचारलं,
जे सकाळी आधी विचारायचं होतं.