भोंग्याचा व्हॉल्व

पहाटे सव्वातीनला काथोड वैतींची सायकल
रोड नंबर सोळाच्या कोपऱ्यावर थांबते.
कॅरिअरला आडवी बांधलेली चावी, पुरुषभर लांब,
आणि एक पितळी कांब,
जिचं एक टोक ते रस्त्याला लावतात, दुसरं कानाला.

माझ्याकडे पालिकेने दिलेला टॅबलेट.
ठाण्यातले सगळे व्हॉल्व त्यात ठिपके होऊन यायचेत
एकतीस तारखेच्या आत.
निळा म्हणजे चालू, तांबडा म्हणजे बंद,
करडा म्हणजे 'जागेवर आढळला नाही'.
वागळे इस्टेटीत माझे करडे फार झालेत.

वैती याच महिनाअखेरीस निवृत्त होतात.
साहेब म्हणाले, त्यांच्या डोक्यातलं उतरवून घे सगळं,
जसं काही टाकीतून बादलीत.

"इथं बॉयलरवाले," ते चालता चालता सांगतात.
"इथं रंगाचा कारखाना. नाला रोज वेगळा.
उद्या कुठला रंग, यावर पोरं पैज लावायची.
इथं बिस्किटं. इथं औषधाच्या बाटल्या.
इथं प्रेसमशीनवर माझा भाऊस. तीन बोटं."
मी भरत जातो.
तीन बोटांना रकाना नाही.

आता तिथे सगळी काच.
रात्रपाळी मात्र गेली नाही कुठे.
चौथ्या मजल्यावर पोरंपोरी
भलत्याच देशाच्या दुपारला गुड आफ्टरनून म्हणतायत,
खाली त्यांना घरी सोडायला गाड्या रांगेत,
ड्रायव्हर झोपलेले, पाय खिडकीबाहेर.

नकाशात इथे साडेचारशेची लाइन आहे, व्हॉल्व नाही.
जमिनीवर पेव्हर ब्लॉक, कुंडी, आणि वॉचमन:
"परमिशन आहे का?"
वैती गुडघ्यावर बसलेत.
"आयक," म्हणतात, वॉचमनला नव्हे, मला.

आधी जनरेटर. मग माझाच श्वास.
मग खूप खाली,
परातीतल्या पिठात पाणी ओतून
कुणी तळहात फिरवावा, तसं काहीतरी.

"दोन पावलं तिकरं."
पहार. तिसऱ्या ब्लॉकखाली झाकण.

"याचा नंबर?"
"नंबर नाय. भोंग्याचा व्हॉल्व.
सातचा भोंगा झाला की कारखान्याचं आवळायचं,
किसननगरचं सोडायचं. नवीनच लागलो होतो.
एक दिवस भोंगाच नाय झाला.
कंपनी रात्रीत बंद. मला कोण सांगणार?
मी चावी लावून इथंच उभा.
तिकरं बाया नळाशी बसलेल्या, साडेनऊपर्यंत.
एकीचं बाळंतीण पोर होतं घरात.
ती मला काय काय बोलली, सांगत नाय.
तेव्हापासून हे घड्याळ."

घड्याळाची काच तडकलेली, वेळ बिनचूक.

टॅबलेटला नाव चालत नाही. मी नंबर देतो.
खाली शेरा, चाळीस अक्षरांची जागा.
'भोंगा' लिहितो. उरलेली जागा तशीच ठेवतो.

मग ते चावी माझ्या हातात देतात.
मला वाटलं होतं त्याहून जड.
"साडेअकरा फेरे. घाई केलीस तर लाइन फुटंल."
नवव्यावर माझं मोजणं चुकतं.
"चुकू दे. पाय रस्त्याला टेकव. कळंल."

तळव्यांना खरंच काहीतरी कळतं, उशिरा.

स्क्रीनवर ठिपका केव्हाच निळा झालाय.
पाणी अजून निघालंय फक्त.
किसननगरच्या चढावर, शेवटच्या गल्लीत,
कुणीतरी रिकाम्या नळाखाली
हंडा सरळ करून ठेवत असेल.
वैती घड्याळ बघतात.
"चौदा मिनटं," म्हणतात,
आणि आम्ही दोघं तिथेच उभे राहतो, चौदा मिनिटं.