नाडी

छातीचं हाड तारेनं बांधलंय.
घरी सोडायच्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं,
कुठल्या ग्रेडची तार?
ते आधी हसले, मग म्हणाले, तीनशे सोळा एल.

सातपूरला एकतीस वर्षं हेच स्टील कातलं मी लेथवर.
त्याचा कुरळा कीस बुटाच्या तळाला रुतून घरी यायचा,
झाडताना बोटाला लागला की मंदा
आमच्या कंपनीचा उद्धार करायची.
आता तेच आत आहे. झाडता येत नाही.

शीर डाव्या पायातून काढली.
सायकलचं पायडल पहिलं ज्या पायानं दाबायचो, त्याच.

घर सिडकोतलं, दोन खोल्या नि वर पत्रा.
पलंग खिडकीशी ओढलाय.
समोर पांडवलेणीचा डोंगर, जानेवारीच्या धुक्यात
कधी असतो, कधी नसतो.
दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही, तीन महिने.
नात साडेनऊ किलोची.
जागृतीनं तिला उशीच्या पलीकडे बसवलं,
सरहद्द आखल्यासारखं,
आणि तिनं हात लांब करून माझं नाक धरलं.

तीन चेंडूंचं यंत्र श्वासानं ओढायचं असतं.
पहिला लगेच उठतो, दुसरा कुरकुरतो,
तिसरा सरकारी माणूस.

व्याही पिंपळगावहून द्राक्षांची पेटी घेऊन आले.
मला साखर. मंदा मोजून आठ मणी देते,
नवव्यावर घरात सभा भरते.

आणि भावेश.
पवननगरच्या कोपऱ्यावर त्यानं मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं
तेव्हा चार माणसांत म्हणालो होतो,
आमचा पोरगा खेळणी दुरुस्त करतो.
त्यानंतर आम्ही एकमेकांशी
बहुतेक मंदाच्या मार्फत बोलायचो.

शटर उघडायला जाण्याआधी तो रोज
कोमट पाण्याची बादली आणतो.
पहिल्या दिवशी मी बनियन सोडेना.
तो काही बोलला नाही. पाणी निवू दिलं, दुसरं आणलं.
आता पंचा पिळतो, पाठ पुसतो, काखेतून पुढे येतो,
टाक्यांपाशी त्याची बोटं सावकाश होतात,
शिवणीला समांतर जातात, केसभर अंतर सोडून.
हे अंतर मला ओळखू येतं.
मायक्रोमीटर लावून आयुष्य काढलंय मी.
असा हात शिकवून येत नाही, असं
दुसऱ्यांच्या पोरांना सांगत आलो.

त्याला सांगितलं नाही अजून.
घट्ट पांढरा मोजा मांडीपर्यंत चढवताना तो वाकला,
डोक्यात दोन पांढरे केस दिसले.
म्हणालो, दुकान कसं चाललंय?
तो म्हणाला, पाय ताठ ठेवा.

रात्री मंदा खाली चटईवर झोपते.
हाक मारायला छाती लागते, म्हणून तिनं
परकराची एक कोरी नाडी काढली.
एक टोक माझ्या बोटाला,
एक तिच्या मनगटाला, बांगड्यांच्या मागे.
ओढली की ती उठते.
पाणी, गोळी, भांडं, पाठीमागची उशी,
कधी नुसतंच घाबरणं. त्यावर तिच्याकडे ओवा असतो.

काल तीनच्या सुमाराला जाग आली.
आग्रा रोडवर ट्रक गिअर बदलत होते.
काही दुखत नव्हतं. तिची झोप मोडू नये म्हणून
मी ते बोट दुसऱ्या हातानं धरून पडून राहिलो.
तेवढ्यात नाडीला खालून हिसका बसला,
हलका, एकच.

मीही एकदा ओढली.
अंधारात बांगड्या वाजल्या,
आणि ती कूस बदलून घोरायला लागली.