हरवल्याचा अर्ज

बावीस वर्षं हीथ्रोवर
हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसलो.
रंग विचारला, आकार विचारला,
चाकं दोन की चार,
मुठीला काही बांधलं होतं का, दोरा, चिंधी.
लोक रडायचे, मी फॉर्म भरायचो.
बॅग कुठे जात नाही, सांगायचो,
दुसऱ्याच कुणाच्या नावानं पडून असते.

आता निवृत्त. मंगळवारी डबा घेऊन
क्यूच्या अभिलेखागारात येतो.
कोट, डबा, पेन खाली लॉकरमध्ये.
वर न्यायची फक्त पेन्सिल
आणि पारदर्शक पिशवी, चोर नाही हे दिसावं म्हणून.
खोका येतो. फितीची गाठ सोडतो.
पलटणीची रोजनिशी, मेसोपोटेमिया, एकोणीसशे सोळा.
कागद फोमच्या उशीवर टेकवायचा,
ताप चढलेल्या पोराचं डोकं टेकवावं तसा.

मी शोधतोय विठोजी धोंडजी चाळके,
शिपाई, तालुका खेड.
विट्टूजी चलकी बघितलं. वितोबा चालकर बघितलं.
साहेबाच्या कानाला जे जे ऐकू आलं असेल
ते सगळं बघितलं.

१४ मे. उष्मा. पाणी खारट.
लेफ्टनंट ऑल्डरिज यांना ताप, संध्याकाळी उतरला.
शिपाई तीन जखमी, एक मयत. खेचरं दोन मेली.
१५ मे. लेफ्टनंट ऑल्डरिज यांचा कुत्रा बिस्किट
रात्री छावणीतून पळाला.
१६ मे. वारा. बिस्किट सापडला.

एक मयत.
त्या एकवर मी भिंग धरलं.
इंग्रजी एक, उभी रेघ,
गुरं बांधायला खुंटा ठोकावा तशी.
कुणीही असेल.
पणजोबा त्या साली गेला की पुढच्या,
यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत.

शेजारच्या यंत्रावर स्विंडनचे मिस्टर पार्जिटर.
त्यांच्या आजोबांचे कागद चाळीस सालच्या बॉम्बहल्ल्यात होरपळले.
कडा करपलेल्या भाकरीसारख्या,
पण मधोमध उरलंय:
उंची पाच फूट चार, डोळे करडे,
डाव्या दंडावर गोंदण, नांगर, जहाजाचा.
"तुमचेही जळाले असतील," ते म्हणतात, धीर द्यायला.
मी हो म्हणतो. माणूस चांगला आहे, बिस्किटं वाटून खातो.
जळायला आधी लिहिलेलं असावं लागतं,
हे कुठे इंग्रजीत मांडत बसू.

काउंटरवरची मुलगी विचारते, पदक होतं का घरात? चांदीचं?
त्याच्या कडेवर बघा.
नंबर, हुद्दा, नाव, सगळं कडेवर कोरलेलं असतं.

पदक.
आलं होतं. डाकेनं, खेडला.
एका बाजूला राजाचं तोंड, दुसरीकडे घोडा,
आणि पणजीला वाचता येत नव्हतं.
मुलाच्या लग्नात तिनं ते सोनाराकडे दिलं.
त्यानं घट धरली दोन आणे
आणि सुनेला जोडवी करून दिली.
आजीच्या पायात ती, मग आईच्या.
आता खाली, लॉकर एकशे बारा,
कोटाच्या आतल्या खिशात,
काडेपेटीत, कापसात.

फीत बांधतो. खोका परत.
खाली येऊन काडेपेटी उघडतो,
अंगठ्याचं नख कडेवरून फिरवतो,
एका जोडव्यावरून, मग दुसऱ्या.
गुळगुळीत.
एवढ्यात कुणीतरी मागून म्हणतं, एक्स्क्यूज मी,
त्यांचा लॉकर एकशे तेरा.

नोकरीत मी स्वतःला एक नियम घातला होता:
फाईल बंद करायच्या आधी एक फोन.
स्टेशनच्या वाटेवर कुंदाला लावतो, बहिणीला.
तिकडे रात्रीचे दहा, मागे टीव्ही.
"सापडलं काही?"
"कुत्रा सापडला."
ती टीव्हीचा आवाज कमी करते.
"कुणाचा?"

सांगतो म्हटलं, पुढच्या मंगळवारी.
अजून सतरा मे बघायचाय.