पाठचा

जुळ्यांच्या पाठीवर जन्मला म्हणून तो शिजा.
सुकुमा लोकांत हे नाव शोधावं लागत नाही,
ते आधीच दारात उभं असतं.
कुलवा थोरली, डोटो धाकटी,
आणि हा त्यांच्या पाठचा.

सरोवराच्या दक्षिणेला सोन्याची खाण आहे,
तिच्या दुसऱ्या मनोऱ्यावर शिजा पहारा देतो.
कुलवा लग्न होऊन म्वांझाला गेली.
डोटो फाटकाबाहेर असते.
खाणीनं ओकलेल्या दगडांच्या ढिगावर
रात्री चढते, हातोडी आणि बादली घेऊन.
एखाद्या दगडात चुकून राहिलेलं पिवळं
म्हणजे मुलाचे शाळेचे बूट.
शिजाचे बूट कंपनीनं दिले,
चार महिने पगारातून कापून.

मार्चमध्ये एका रात्री कुत्रा सोडला गेला.
अहवालात असंच आहे, "सोडला गेला".
कोणी सोडला, ते क्रियापदाला माहीत नाही.
डोटोच्या पोटरीला सतरा टाके पडले.
शिजाची तेव्हा सोळाव्या तासाची ड्युटी चालू होती.
भुंकणं त्यानं ऐकलं.
किंचाळणंही.

मग राजधानीहून म्बोनेआबाई आल्या,
पाच दिवस शिकवायला.
फळ्यावर लिहिलं:
आधी शब्द. मग अंतर. मग हात.
शस्त्र सगळ्यांत शेवटी,
आणि तेही जीव वाचवायला, दगड नाही.
मागच्या बाकावरून मासुंगा म्हणाला,
"बाई, चोराला काय स्वाहिलीत विनंती करायची?"
"सुकुमात करा," बाई म्हणाल्या.
"ढिगावरच्या बायकांना तीच कळते.
तुम्हाला ती त्यांच्याकडूनच आली."
मासुंगा खडूच्या धुळीकडे बघत राहिला.

जाताना बाईंनी एक वही दिली.
निळा पुठ्ठा, सुतळीनं बांधलेलं पेन.
कोणीही, केव्हाही, न भिता लिहावं.
व्यवस्थापकानं ती ठेवली
स्वागतकक्षात, काचेच्या टेबलावर,
फाटकाच्या आत.

आत यायला पास लागतो.
पासावर आतल्या माणसाची सही लागते.

वर्षाअखेरीस छापून आलं:
तक्रारी, शून्य.
त्याबद्दल एक ढाल मिळाली.
ती वहीशेजारी ठेवली.

कुंपणच शेत खातं, असं आपण म्हणतो
आणि म्हणून मोकळे होतो.
कुंपणाला पगार किती, तो कधी मिळतो,
रात्रपाळीला भाकरी मिळते का,
कुंपण शेवटचं झोपलं कधी,
म्हण एवढ्या खोलात जात नाही.
पण खाल्लेलं शेतही
त्यामुळे परत उगवत नाही,
हेही खरंच.

आज पहाटे पाळी बदलताना
शिजानं काचेवरची वही उचलली.
फाटकाबाहेर आला.
बाहेरच्या खांबाला ती बांधली, पेनाच्याच सुतळीनं.
पेन डोटोच्या हातात दिलं.

डोटोनं तीन ओळी लिहिल्या, सावकाश,
शाळा सोडून वीस वर्षं झाली होती.
माझी तक्रार कुत्र्याबद्दल नाही.
त्याला कोणी शिकवलं, ते सांगा.
टाक्यांचे पैसे मी भरले.

मग पेन भावापुढे धरलं.
"तू?"

शिजानं रकाने वाचले.
तक्रारदार: शिजा.
घटना: सोळा तास उभा होतो. भुंकणं ऐकलं. उतरलो नाही.
कोणाविरुद्ध, इथे तो थांबला.
मग लिहिलं: शिजा.
आणि त्याच्यापुढे, बारीक अक्षरात,
बाकीचे पुढच्या पानावर.

सव्वासहा वाजले होते.
व्यवस्थापक आठला येतो.
ढिगावरून आणखी दोघीजणी उतरत होत्या,
बादल्या खाली ठेवून.